धातूला नांगीत धरणारे मणी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

द्रावणातले धातू धरून ठेवणाऱ्या बारीक मण्यांविषयीचे, म्हणजे चिलेटिंग रेझिनविषयीचे प्रश्न गेल्या काही महिन्यांत एकामागून एक आले. विचारणाऱ्यांत पाण्याचे विश्लेषण करणारे आहेत, जीवरसायनाचे विद्यार्थी आहेत आणि डीएनए वेगळा काढणारेही आहेत. अडचणी वेगवेगळ्या क्षेत्रांतल्या असल्या तरी त्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा तेच दोन मुद्दे निघतात : द्रावणाचा पीएच किती आहे, आणि धातू त्या द्रावणात नेमका कोणत्या रूपात आहे. म्हणून हे सगळे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : पाणी मृदू करण्यासाठी वापरले जाणारे साधे आयन-विनिमय रेझिनही कॅल्शियम, लोह, तांबे असे धातू धरून ठेवते. मग प्रयोगशाळेत त्याहून कितीतरी महाग असे चिलेटिंग रेझिन कशासाठी घ्यायचे?

उत्तर : दोन्ही रेझिनांचा सांगाडा बहुधा सारखाच असतो. डायव्हिनिल बेंझीनने जागोजागी सांधलेल्या पॉलिस्टायरीनचे ते बारीक मणी असतात. फरक असतो तो सांगाड्याला जोडलेल्या रासायनिक गटांमध्ये. पाणी मृदू करणाऱ्या रेझिनवर सल्फॉनिक आम्लाचे गट असतात आणि ते धातूच्या आयनाला केवळ विद्युतभाराच्या आकर्षणाने धरतात. त्यामुळे द्रावणात ज्याची गर्दी जास्त, त्यालाच अखेर जागा मिळते. चिलेटिंग रेझिनवर, विशेषतः प्रयोगशाळेत सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या चिलेक्स १०० या रेझिनवर, इमिनोडायअॅसिटेटचे गट असतात. अशा प्रत्येक गटात एक नायट्रोजन आणि दोन कार्बॉक्सिलेट असल्यामुळे धातूचा आयन तीन बाजूंनी पकडला जातो. मॉर्गन आणि ड्र्यू या रसायनशास्त्रज्ञांनी १९२० मध्ये अशा संयुगांसाठी ‘चिलेट’ हा शब्द सुचवला, तो खेकड्याच्या नांगीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून. मला ही उपमा फार नेमकी वाटते, कारण नांगी समोर येईल ते सरसकट धरत नाही, तिच्यात नीट बसेल तेच धरते.

या फरकाचे महत्त्व समुद्राच्या पाण्यात सर्वांत स्पष्ट दिसते. समुद्राच्या एका किलो पाण्यात सोडियम सुमारे १०.८ ग्रॅम असतो, तर खुल्या समुद्रातल्या तांब्याचे प्रमाण काही नॅनोमोल एवढेच असते. हे पाणी सल्फॉनिक रेझिनमधून सोडले तर सगळ्या जागा सोडियम, मॅग्नेशियम आणि कॅल्शियम यांनीच व्यापल्या जातात आणि तांब्याला कोणी विचारत नाही. इमिनोडायअॅसिटेट रेझिनची तांब्यासारख्या द्विभारी धातूंची पसंती सोडियमच्या तुलनेत हजारो पटींनी अधिक असते. उत्पादकाच्या माहितीत हे गुणोत्तर सुमारे ५००० ला १ असे दिलेले आढळते. तांबे, शिसे, निकेल ही पसंतीच्या यादीत वर, जस्त, कॅडमियम, कोबाल्ट त्यांच्याखाली, मॅंगनीज, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणखी खाली आणि सोडियम, पोटॅशियम अगदी तळाला, अशी ढोबळ उतरंड ध्यानात ठेवावी.

या निवडकपणाची किंमतही मोजावी लागते. चिलेक्सची सोडियम रूपातली धारणक्षमता दर मिलिलिटरला सुमारे ०.४ मिलिइक्विव्हॅलंट असते आणि सल्फॉनिक रेझिनची त्याच्या चौपट-पाचपट असते. शिवाय नांगी मिटायला वेळ लागतो, त्यामुळे स्तंभातून, म्हणजे रेझिन भरलेल्या उभ्या नळीतून, द्रावण सावकाश सोडावे लागते. पाणी नुसते मृदू करायचे असेल तर हे रेझिन वापरणे व्यर्थ आहे.

प्रश्न : विहिरीच्या पाण्याचे नमुने नायट्रिक आम्ल घालून साठवले होते. ते चिलेटिंग रेझिनच्या स्तंभातून सोडले, पण धातू जवळजवळ सगळा खाली निघून गेला. रेझिन खराब होते का?

उत्तर : रेझिन बहुधा चांगले होते, नमुन्याचा पीएच मात्र फार कमी होता. धातू बाटलीच्या भिंतीला चिकटू नये म्हणून नमुना आम्ल घालून पीएच २ च्या खाली ठेवण्याची पद्धत योग्यच आहे. पण त्या पीएचला इमिनोडायअॅसिटेटचे कार्बॉक्सिलेट गट हायड्रोजन आयन घेऊन उदासीन होतात आणि नायट्रोजनवर धनभार येतो. अशा अवस्थेत रेझिन धनभारी धातूला धरत नाहीच, उलट क्षीण ऋणायन-विनिमयकासारखे वागते. पीएच ४ च्या वर गेला की नांगी उघडू लागते आणि त्यापुढे ती अधिकाधिक कार्यक्षम होते. तांब्यासारखा घट्ट बांधला जाणारा धातू बऱ्याच आम्ल द्रावणातही काही प्रमाणात धरला जातो, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांना मात्र अधिक अल्कधर्मी परिस्थिती लागते.

याचा अर्थ असा नव्हे की पीएच जितका वर न्यावा तितके चांगले. तो जसा वर जातो तशी लोह आणि अॅल्युमिनियम यांची हायड्रॉक्साइडे साक्याच्या रूपात वेगळी होतात आणि हा साका मण्यांच्या फटीत अडकतो किंवा सूक्ष्म कणांच्या रूपात सरळ वाहून जातो. आकडा वाचताना मात्र वाटते की रेझिनने धरले नाही.

लेशमात्र धातू एकवटण्याच्या पद्धतीत पीएचचे हे गणित फार सुंदर रीतीने वापरलेले आहे आणि १९७८ साली समुद्राच्या पाण्यासाठी प्रसिद्ध झालेली पद्धत त्याचा उत्तम नमुना आहे. नमुन्याचा पीएच ५ ते ५.५ च्या दरम्यान आणून तो स्तंभातून सोडतात. मग त्याच पीएचच्या अमोनियम अॅसिटेटने स्तंभ धुतात. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांची पकड सैल असल्याने ते या धुण्यात उतरतात, आणि तांबे, निकेल, कॅडमियम, शिसे असे धातू जागेवर राहतात. शेवटी सुमारे २.५ मोलर नायट्रिक आम्लाच्या थोड्याशा आकारमानाने ते सगळे एकदम उतरवतात. एक लिटर पाण्यातला धातू अशा रीतीने दहा मिलिलिटर आम्लात आला तर तो शंभर पट एकवटतो, आणि मापनात अडथळा आणणारे मीठही मागे राहते. आपले नमुने अमोनिया वापरून ५ ते ५.५ पर्यंत आणावेत आणि पुन्हा करून पाहावे. अमोनियाही अतिशुद्ध दर्जाचाच घ्यावा, नाहीतर नमुन्यापेक्षा अभिकारकातलाच धातू मोजला जाईल. त्यासाठी शुद्ध पाण्याचा कोरा नमुना याच सगळ्या पायऱ्यांतून नेऊन मोजणे अत्यावश्यक आहे.

प्रश्न : मुक्त मूलकांवरच्या (अतिक्रियाशील रेणूंवरच्या) प्रयोगांसाठी फॉस्फेट बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारे द्रावण, वापरतो. त्यात घातलेले अॅस्कॉर्बेट (क जीवनसत्त्वाचे रूप) लवकर नष्ट होते. बफर चिलेक्सबरोबर तासभर ढवळला, तरी फरक थोडाच पडला. काय चुकते आहे?

उत्तर : हा प्रश्न महत्त्वाचा आहे आणि त्याला एकापेक्षा अधिक कारणे संभवतात, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

उदासीन पीएचला अॅस्कॉर्बेटचे हवेतले ऑक्सिडीकरण जे ‘आपोआप’ होते असे आपण म्हणतो, ते जवळजवळ पूर्णपणे धातूंमुळे होते. फॉस्फेटच्या चांगल्या दर्जाच्या क्षारांमध्येही लोह आणि तांबे लेशमात्र असतातच, आणि या कामात लोहापेक्षा तांबे कितीतरी पटींनी प्रभावी उत्प्रेरक आहे. १९८८ मध्ये ब्यूटनर यांनी दाखवून दिले की उत्प्रेरक धातू काढून टाकले तर पीएच ७ ला अॅस्कॉर्बेट टिकून राहते, आणि म्हणूनच अॅस्कॉर्बेटचा ऱ्हास हीच बफरच्या शुद्धतेची चाचणी म्हणून वापरता येते. या चाचणीत बफरमध्ये अॅस्कॉर्बेटची संहती सुमारे १२५ मायक्रोमोलर होईल एवढे अॅस्कॉर्बिक आम्ल घालतात आणि २६५ नॅनोमीटरला प्रकाशशोषण पाहतात. पंधरा मिनिटांत ते अर्ध्या टक्क्याहून जास्त घसरले तर बफर अजून स्वच्छ झालेला नाही असे समजावे. ही चाचणी स्वस्त आहे, झटपट होते आणि प्रत्यक्ष आपल्या प्रयोगाला जे बाधक आहे तेच मोजते, म्हणून मी ती प्रत्येक विद्यार्थ्याला आग्रहाने सुचवतो.

आता आपल्या अडचणीकडे येऊ. पहिली शक्यता ढवळण्याच्या पद्धतीची आहे. शंभर मिलिलिटर द्रावणात सुमारे पाच ग्रॅम रेझिन घालून तासभर हलके ढवळणे ही नेहमीची कृती असली तरी त्यात रेझिन आणि द्रावण यांच्यात एकच समतोल साधला जातो. स्तंभात मात्र उतरणारे द्रावण दर थराला नव्या, कोऱ्या रेझिनला भेटते, म्हणून तेच रेझिन स्तंभात भरून द्रावण थेंबाथेंबाने सोडल्यास शुद्धता अधिक मिळते. ढवळण्याचीच पद्धत ठेवायची असेल तर रात्रभर ठेवावे, आणि चुंबकीय कांडीने मणी भरडले जाणार नाहीत इतका वेग कमी ठेवावा. भरडलेल्या मण्यांचे सूक्ष्म तुकडे गाळणीतूनही निसटतात.

दुसरी शक्यता लोहाच्या रूपाची आहे. उदासीन बफरमधले फेरिक लोह बऱ्याचदा मुक्त आयन नसते. ते हायड्रॉक्साइडच्या कलिली कणांत किंवा फॉस्फेटशी बांधलेले असते, आणि नांगीला फक्त आयन धरता येतो, कण धरता येत नाही. बफरमध्ये सायट्रेट किंवा ईडीटीए अशी धातू बांधणारी संयुगे असतील तर प्रश्न अधिकच बिकट होतो, कारण विरघळलेला ईडीटीए लोहाला रेझिनपेक्षाही घट्ट धरतो आणि धातूसकट स्तंभातून निघून जातो.

तिसरी शक्यता सर्वांत जास्त आढळते : बफर रेझिनमधून स्वच्छ होऊन बाहेर येतो आणि नंतर पुन्हा मळतो. सोडियम रूपातले चिलेक्स स्वतः चांगलेच अल्कधर्मी असते, त्यामुळे त्याच्या सहवासात बफरचा पीएच वर सरकतो. मग आपण पीएच-मापीची कांडी थेट द्रावणात बुडवतो, नेहमीच्या बाटलीतले आम्ल घालतो आणि काचेच्या बाटलीत ओततो. या तिन्ही ठिकाणी धातू परत येतो. पीएच मोजायचा तर थोडे द्रावण बाजूला काढून मोजावा आणि ते फेकून द्यावे. त्याहून चांगला उपाय म्हणजे रेझिन आधी त्याच बफरने धुऊन हव्या त्या पीएचला आणून ठेवणे. साठवण पॉलिइथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या, आम्लात भिजवून शुद्ध पाण्याने खळखळून धुतलेल्या बाटल्यांत करावी.

याच पत्रात पुढे विचारले आहे की रेझिनऐवजी बफरमध्ये सरळ ईडीटीए घातला तर चालेल का. धातू बांधणे आणि धातू काढून टाकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ईडीटीए घातल्यावर तांबे निष्प्रभ होते हे खरे, पण लोह-ईडीटीए हे संयुग ऑक्सिडीकरण-क्षपणाच्या फेऱ्यांत उत्साहाने भाग घेत राहते आणि मूलकांच्या प्रयोगात ते न बांधलेल्या लोहापेक्षा अधिक घातक ठरू शकते. विरघळणारे संयुग घालायचेच असेल तर डीटीपीए किंवा डेस्फेरल यांचा विचार करावा. रेझिनचा मोठा फायदा हा की ते गाळून वेगळे होते आणि प्रयोगात त्याचा मागमूस राहत नाही.

एक सूचना मात्र विसरू नये. रेझिन कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही काढून घेते. ज्या विकरांना (एन्झाइमांना) मॅग्नेशियम लागते त्यांच्या बफरमध्ये ते शुद्धीकरणानंतर, अतिशुद्ध क्षारापासून बनवलेल्या द्रावणातून, मोजून परत घालावे लागते.

प्रश्न : रक्ताच्या डागापासून डीएनए काढण्यासाठी चिलेक्समध्ये उकळण्याची पद्धत वापरतो. काही वेळा पीसीआर (डीएनएच्या असंख्य प्रती बनवण्याची प्रक्रिया) होतो, काही वेळा अजिबात होत नाही. का?

उत्तर : १९९१ मध्ये वॉल्श, मेट्झगर आणि हिगुची यांनी न्यायवैद्यक नमुन्यांसाठी ही पद्धत मांडली आणि तिच्या साधेपणामुळे ती जगभर पसरली. उकळत्या तापमानाला आणि अल्कधर्मी द्रावणात पेशी फुटतात, प्रथिने विघटित होतात आणि डीएनए मोकळा होतो. पण याच परिस्थितीत धातूंचे आयन डीएनएची साखळी तोडण्यास उत्प्रेरक ठरतात. त्यांना वेळीच धरून ठेवणे हे रेझिनचे काम आहे. इथे ते डीएनएचे रक्षण करते, डीएनए धरत नाही.

आपल्या अपयशाचे पहिले संशयित कारण म्हणजे पीसीआरच्या नळीत गेलेले मणी. पीसीआरच्या विकराला मॅग्नेशियम अनिवार्य असते, आणि दोन-चार मणीही ते ओढून घेण्यास पुरेसे असतात. म्हणून उकळल्यानंतर नळी सेंट्रिफ्यूज यंत्रात चांगली फिरवावी, वरची निवळी तळापासून दूर राहून अलगद घ्यावी, आणि नमुना शीतपेटीत ठेवून पुन्हा वापरताना प्रत्येक वेळी परत फिरवावी. दुसरे कारण रक्तातले हीम (हिमोग्लोबिनमधला लोहयुक्त भाग) आहे, ते पीसीआरला अडवते. त्यासाठी डाग आधी शुद्ध पाण्यात पंधरा ते तीस मिनिटे ठेवून तांबड्या पेशी फोडाव्यात, द्रावण फिरवून वरचे लाल पाणी टाकून द्यावे आणि मगच ५ टक्के चिलेक्स घालावे. पुढे ५६ अंश सेल्सिअसला पंधरा ते तीस मिनिटे आणि उकळत्या पाण्यात आठ मिनिटे, ही मूळ कृती आहे. तिसरे कारण अगदी साधे आहे : मणी क्षणात तळाशी बसतात, म्हणून चिलेक्सचे मिश्रण ढवळत असतानाच आणि रुंद तोंडाच्या टोकाने घ्यावे. नाहीतर एका नळीत भरपूर रेझिन जाते आणि दुसरीत नुसते पाणी.

या पद्धतीने मिळणारा डीएनए एकसरी असतो आणि त्यात प्रथिनांचे अवशेष राहतात, त्यामुळे २६० आणि २८० नॅनोमीटरच्या शोषणाच्या गुणोत्तरावरून त्याची शुद्धता ठरवू नये. दुपदरी डीएनए लागणाऱ्या, विकराने तुकडे पाडण्याच्या पद्धतींना तो चालत नाही.

प्रश्न : प्रथिने शुद्ध करण्याचा निकेलचा स्तंभ हेदेखील चिलेटिंग रेझिनच का?

उत्तर : तत्त्व तेच, वापर मात्र उलटा. १९७५ मध्ये पोराथ आणि सहकाऱ्यांनी ही कल्पना मांडली. येथे रेझिनवर धातू मुद्दाम चढवतात आणि धातूच्या मोकळ्या उरलेल्या जागांवर प्रथिनातल्या हिस्टिडिन या अमिनो आम्लांना बसू देतात. निकेलला एकूण सहा जोडण्या करता येतात. इमिनोडायअॅसिटेट त्यातल्या तीन व्यापतो, तर नंतर आलेला नायट्रिलोट्रायअॅसिटेट, म्हणजे एनटीए, चार व्यापतो. प्रथिनासाठी एनटीएवर दोनच जागा उरतात, पण निकेल जास्त घट्ट बसतो आणि कमी गळतो. अशा स्तंभावर ईडीटीए असलेले द्रावण सोडू नये. निकेल निघून जातो आणि निळसर स्तंभ डोळ्यांदेखत पांढरा पडतो.

प्रश्न : पारा, बोरॉन, युरेनियम यांसाठीही हेच रेझिन चालेल का?

उत्तर : प्रत्येकासाठी अधिक योग्य गट उपलब्ध आहे. पाऱ्याला गंधकाची ओढ असते, म्हणून थायोल किंवा थायोयुरिया गटांचे रेझिन घ्यावे. बोरॉन द्रावणात बोरिक आम्लाच्या रूपात असतो, धनायन नसतोच, आणि त्याला अनेक हायड्रॉक्सिल असलेला एन-मिथिलग्लुकॅमिन गट धरतो. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ३.३ मायक्रोग्रॅम एवढाच असलेला युरेनियम वेगळा करण्यासाठी अॅमिडॉक्झाइम गटांवर दीर्घकाळ संशोधन चालू आहे. तीव्र मिठाच्या द्रावणातून कॅल्शियम काढायचा असेल तर अमिनोफॉस्फॉनिक गट इमिनोडायअॅसिटेटपेक्षा सरस ठरतो.

प्रश्न : नदीच्या पाण्यात काही दिवस ठेवून धातू मोजणाऱ्या चकत्यांमध्ये चिलेक्स असते असे वाचले. त्या कशा काम करतात?

उत्तर : डेव्हिसन आणि झांग यांनी १९९४ मध्ये ही पद्धत मांडली. चकतीत चिलेक्सचे मणी एका जेलच्या थरात बसवलेले असतात आणि त्यावर नुसत्या जेलचा, एक मिलिमीटरहून किंचित पातळ असा दुसरा थर असतो. धातू हा वरचा थर विसरणाने ओलांडून आत येतो आणि तत्काळ धरला जातो. थराची जाडी, चकतीचे क्षेत्रफळ, धातूचा विसरण गुणांक आणि काळ माहीत असल्यास साठलेल्या धातूवरून पाण्यातली सरासरी संहती काढता येते. मला या पद्धतीतला विशेष भाग असा वाटतो की ती एकूण धातू मोजत नाही. जो धातू सैल आहे, जो जेलमधून सरकू शकतो आणि नांगीत येऊ शकतो, तेवढाच ती मोजते, आणि सजीवांना बहुधा तोच भाग उपलब्ध असतो.

प्रश्न : वापरलेले चिलेक्स पुन्हा वापरता येते का? आमचा स्तंभ पुनरुज्जीवन करताना पूर्ण तुंबला.

उत्तर : पुन्हा वापरता येते, आणि अनेकदा वापरता येते. नेहमीचा क्रम असा आहे : रेझिनच्या आकारमानाच्या दुप्पट १ मोलर हायड्रोक्लोरिक किंवा नायट्रिक आम्ल, मग पाचपट शुद्ध पाणी, मग दुप्पट १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, आणि पुन्हा पाचपट पाणी.

तुंबण्याचे कारण फुगण्यात आहे. या रेझिनमध्ये सांधे फार कमी, सुमारे एक टक्काच असतात, त्यामुळे ते मऊ असते आणि आयन बदलला की त्याचे आकारमान बदलते. सोडियम रूपातून हायड्रोजन रूपात आल्यावर ते निम्म्याहूनही कमी होते, आणि सोडियम हायड्रॉक्साइड घातल्यावर पुन्हा दुपटीहून अधिक फुगते. आम्ल रूपात आकसलेल्या रेझिनवर वरची जाळी घट्ट दाबून बसवली आणि मग अल्क सोडले, तर मण्यांना फुगायला जागा राहत नाही, ते एकमेकांत दाबले जातात आणि प्रवाह थांबतो. हीच चूक मी सुरुवातीच्या वर्षांत केली होती आणि काचेचा स्तंभ तडकल्यावरच कारण समजले. उपाय सोपा आहे. रेझिन स्तंभातून काढून प्लॅस्टिकच्या चंचुपात्रात आम्ल व अल्क यांनी धुवावे, सोडियम रूपात पूर्ण फुगल्यावरच परत भरावे, आणि वर मोकळी जागा ठेवावी. अतिसूक्ष्म मापनासाठी सोडियम हायड्रॉक्साइडऐवजी शुद्ध अमोनिया वापरल्यास रेझिन अमोनियम रूपात येते आणि अल्कातून येणारे दूषणही टळते.

धुतल्यानंतर ते ओलेच, घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवावे. वापरण्यापूर्वी एकदा कोरा नमुना त्यातून सोडून मोजावा, आणि आम्लाने धुतल्यावरही रेझिनवर तपकिरी छटा राहिली असेल तर लोहाचा साका आत बसला आहे असे समजून ते लेशमात्र धातूंच्या कामातून बाजूला काढावे.